तांब्याच्या तारेतला मिनीगॅप : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५

विषय ठरला. अतिसंवाहकाला (फार थंड तापमानाला ज्याचा रोध शून्य होतो अशा पदार्थाला) चिकटवलेल्या साध्या धातूत इलेक्ट्रॉनांचं काय होतं, ते आकडेमोड करून पाहायचं. धातू तांबं, कारण त्यावर जगभर भरपूर मोजमापं झाली आहेत. अतिसंवाहक नायोबियम, कारण तो ९.२ केल्विनलाच अतिसंवाहक होतो आणि त्याचा ऊर्जा-गॅप (ज्या ऊर्जांना सुट्या इलेक्ट्रॉनाला जागाच नसते तो पट्टा) मोठा आहे, सुमारे १.५ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट. आपल्या विभागात इतक्या थंड तापमानाची सोय नाही, म्हणून प्रकल्प संगणकावरचा. उसाडेलचं समीकरण सोडवायचं आणि तारेतली अवस्थांची घनता (कुठल्या ऊर्जेला इलेक्ट्रॉनांना किती जागा आहेत), रोध आणि अतिप्रवाह (रोधाशिवाय वाहणारा प्रवाह) काढायचे.

मार्गदर्शक मॅडमनी दोन अटी घातल्या. प्रोग्रॅममधून आलेला प्रत्येक आकडा एकतर हातानं काढता आला पाहिजे, नाहीतर कुणीतरी प्रयोगशाळेत पाहिलेला असला पाहिजे. दुसरी अट जास्त अवघड. अतिसंवाहक शेजारी आला की साधा धातूही काहीसा त्याच्यासारखा वागतो; पुस्तकांत या सामीप्य परिणामाचं एका वाक्यात स्पष्टीकरण असतं: कूपर जोड्या (अतिसंवाहकातल्या इलेक्ट्रॉनांच्या जोड्या) तांब्यात झिरपतात. मॅडम म्हणाल्या, "झिरपतात म्हणजे नेमकं काय होतं, हे तो शब्द न वापरता लिहून दाखव. मगच अहवाल घेईन."

९ जानेवारी

आज नुसतं वाचन. विषय अतिसंवाहकतेच्या बीसीएस सिद्धांताहूनही जुना आहे. सिद्धांत १९५७ चा, पण त्याच्या पंचवीस वर्षं आधी, १९३२ मध्ये, होम आणि माइसनर यांनी दोन अतिसंवाहकांमधल्या संपर्काचा रोध नाहीसा होताना पाहिला होता. समजूत यायला मात्र १९६० चं दशक उजाडावं लागलं. त्यात १९६४ हे साल फार मोठं. त्याच वर्षी द जेन यांनी सीमेवरच्या परिणामांचा पाया घातला आणि त्याच वर्षी सोव्हिएत संघात आंद्रेयेव्ह यांनी सीमेवर इलेक्ट्रॉनाचं काय होतं ते सांगितलं.

आंद्रेयेव्ह यांचं म्हणणं असं. तांब्यातला इलेक्ट्रॉन सीमेशी आला आणि त्याची ऊर्जा अतिसंवाहकाच्या गॅपपेक्षा कमी असली, तर पलीकडे त्याच्यासाठी एकही अवस्था रिकामी नसते. एकट्याला आत जाता येत नाही, दोघे मिळून जाऊ शकतात. म्हणून तो विरुद्ध स्पिनचा दुसरा इलेक्ट्रॉन बरोबर घेतो, जोडी आत जाते, आणि त्या दुसऱ्याच्या जागी राहिलेला होल, म्हणजे इलेक्ट्रॉनाची रिकामी जागा, तांब्यात मागे फिरतो. तोही भिंतीवरून चेंडू उसळावा तसा दुसऱ्या दिशेला जात नाही. ज्या वाटेनं इलेक्ट्रॉन आला, जवळजवळ त्याच वाटेनं होल परततो, वाटेतल्या प्रत्येक अशुद्धीवर तोच धक्का उलट्या क्रमानं खात.

हे शेवटचं वाक्य वहीत दोनदा अधोरेखित केलंय. तांबं कितीही अस्वच्छ असलं तरी परिणाम का टिकतो, याचं उत्तर त्यात आहे असं वाटतं.

१३ जानेवारी

आजची नोंद मोठी, कारण इथे बरेच जण अडखळतात.

बीसीएसमध्ये दोन राशी आहेत आणि आपण त्या एकच असल्यासारखं बोलतो. एक म्हणजे जोडीचा आयाम, म्हणजे विरुद्ध स्पिन आणि विरुद्ध आवेगाचे दोन इलेक्ट्रॉन एका ठिकाणी एकमेकांशी किती सुसंगत आहेत याचं माप. दुसरी राशी डेल्टा. डेल्टा म्हणजे त्या आयामाला इलेक्ट्रॉनांमधल्या आकर्षणानं गुणलं की येणारी संख्या. नायोबियममध्ये आकर्षण आहे, म्हणून दोन्ही राशी एकत्र नांदतात आणि फरक जाणवत नाही. तांब्यात जोड्या बांधू शकेल इतकं आकर्षण नाही. आपल्या गणितात ते शून्यच धरलंय. म्हणजे तांब्यात डेल्टा सगळीकडे शून्य. आयाम मात्र शून्य नाही! सीमेवर तो नायोबियमइतकाच असतो आणि आत जाताना हळूहळू उतरतो.

तेव्हा खरा प्रश्न असा: डेल्टा शून्य असताना तांब्याच्या अवस्थांच्या घनतेत गॅप पडू शकतो का? पडतो, हे प्रयोगांनी दाखवलंय. मग त्या गॅपची रुंदी कोण ठरवतं? प्रकल्पाचा कणा हाच.

ज्या धातूत क्षीण का होईना पण स्वतःचं आकर्षण असतं, त्याची गोष्ट वेगळी. बिस्मथ वर्षानुवर्षं साध्या यादीत होता. २०१६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या गटानं त्याचे शुद्ध स्फटिक ०.५३ मिलिकेल्विनपर्यंत थंड केले आणि ते अतिसंवाहक झालेले पाहिले. शेजारी कुणी नसताना, बाहेरून दाब न देता. तांब्याबाबत असं काही दिसलेलं नाही. म्हणूनच तांबं या कामाला उत्तम: जे दिसेल ते सगळं शेजाऱ्याकडून आलेलं.

१७ जानेवारी

अंतरांचे आकडे काढले. पातळ थरातल्या तांब्याचा विसरण गुणांक (धक्के खात इलेक्ट्रॉन किती भरभर पसरतात याचं माप) सेकंदाला १०० चौरस सेंटिमीटर धरला, बाष्पीभवनानं बसवलेल्या थरांत तो याच घरात असतो. त्यावरून इलेक्ट्रॉन दोन धक्क्यांमध्ये सुमारे १९ नॅनोमीटर सरळ जातो. तारेची लांबी ८०० नॅनोमीटर ठरवली, म्हणजे गती पूर्णपणे विसरणाची.

आयाम किती खोल पोचतो, ते तापमानावर ठरतं. ४.२ केल्विनला सुमारे ५४ नॅनोमीटर, १ केल्विनला ११०, ०.१ केल्विनला ३५०. तापमान शंभरपट उतरवलं तर अंतर दहापट वाढतं. धक्के नसलेल्या आदर्श तांब्यात १ केल्विनलाच जवळपास दोन मायक्रोमीटर आलं असतं.

२३ जानेवारी

उसाडेलचं समीकरण १९७० चं. धक्क्यांनी भरलेल्या धातूसाठी ते इतकं सुटसुटीत होतं की पहिल्यांदा पाहताना विश्वास बसत नाही. सगळी माहिती थीटा नावाच्या एका कोनात मावते. साध्या धातूत थीटा शून्य, फर्मी पातळीशी (धातूतल्या भरलेल्या अवस्थांच्या वरच्या सीमेशी) अतिसंवाहकात थीटा नव्वद अंश. कोनाचा कोसाइन घेतला की अवस्थांची घनता मिळते, साइन घेतला की जोडीचा आयाम. तांब्यात समीकरण एवढंच सांगतं की थीटाची वक्रता ऊर्जा गुणिले साइन थीटाच्या प्रमाणात असते.

खऱ्या ऊर्जेऐवजी काल्पनिक ऊर्जा घातली की हेच लंबकाचं समीकरण होतं आणि लांब तारेसाठी कागदावर सुटतं: थीटाच्या चौथाईचा टॅन्जंट अंतराबरोबर घातांकी उतरतो. सांख्यिकीय भौतिकीतून येणारी सगळ्यात लहान काल्पनिक ऊर्जा, म्हणजे पाय (π) गुणिले बोल्ट्झमनचा स्थिरांक गुणिले तापमान, त्यात ठेवली तर उतरण्याचं अंतर नेमकं तेच येतं जे मी १७ तारखेला सूत्र उचलून काढलं होतं. सूत्र आलं कुठून, हे आज हातानं कळलं. संध्याकाळ फार आनंदात गेली.

३० जानेवारी

पायथॉनमधला सीमा-मूल्य सॉल्व्हर वापरतोय, तो संमिश्र संख्या थेट घेतो. पहिली तपासणी: तारेचं एक टोक नायोबियमला, दुसरं साध्या धातूच्या मोठ्या तुकड्याला. ऊर्जा शून्य ठेवली की वक्रता शून्य, म्हणून थीटा नव्वद अंशांवरून शून्यापर्यंत सरळ रेषेत उतरला पाहिजे. मध्यावर पंचेचाळीस अंश, म्हणजे घनता नेहमीच्या ०.७०७ पट. प्रोग्रॅमनं ०.७०७ दिलं.

या रचनेत गॅप नाही, घनतेला नुसता खळगा पडतो. फ्रान्समधल्या साक्लेच्या गटानं १९९६ मध्ये तांब्याच्या तारेवर हेच पाहिलं. ॲल्युमिनियमला चिकटवलेली तार, तिच्यावर सीमेपासून वेगवेगळ्या अंतरांवर बोगदा-संधी (पातळ विद्युतरोधक थराचे जोड, ज्यांतून घनता मोजता येते). सीमेजवळच्या संधीला खोल आणि रुंद खळगा दिसला, लांबच्या संधीला उथळ आणि अरुंद. उसाडेलच्या समीकरणाशी त्यांची मोजमापं जुळली. डेल्टा नसलेल्या धातूची घनता, ती पण जागोजागची, इतक्या थेट मोजलेली पाहून मी तो आलेख छापून टेबलासमोर लावलाय.

६ फेब्रुवारी

आज तार दोन्ही टोकांनी नायोबियममध्ये अडकवली. आता इलेक्ट्रॉनाला सुटायला वाट नाही. घनतेत पूर्ण, स्वच्छ गॅप पडला. याला मिनीगॅप म्हणतात. ८०० नॅनोमीटरच्या तारेत तो ३१ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट आला, नायोबियमच्या गॅपच्या जेमतेम पन्नासाव्या भागाएवढा. तारेत कुठेही मोजा, मध्यावर की टोकाशी, कडा तीच. घनतेचा आकार जागेप्रमाणे बदलतो, कडा हलत नाही.

मग एकेक गोष्ट बदलत गेलो. नायोबियम काढून ॲल्युमिनियम घातलं. त्याचा गॅप ०.१८ मिली-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे आठपट लहान. तांब्यातला मिनीगॅप किती उतरला? ३१ वरून २८. बस! नंतर नायोबियम परत आणून तार निम्मी केली, ४०० नॅनोमीटर. मिनीगॅप १२० च्या आसपास गेला, चौपटीच्या जवळ.

म्हणजे रुंदी अतिसंवाहक ठरवत नाही, तार ठरवते. याचं माप म्हणजे थाउलेस ऊर्जा: लघुकृत प्लांक स्थिरांक (प्लांकचा स्थिरांक भागिले दोन π) भागिले इलेक्ट्रॉनाला तार ओलांडायला लागणारा वेळ. आपल्या तारेत तो वेळ ६४ पिकोसेकंद आणि ऊर्जा १०.३ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट. लांब तारेसाठी मिनीगॅप या ऊर्जेच्या ३.१ पट असतो, हे प्रसिद्ध उत्तर. एकाच टोकाला अतिसंवाहक आणि दुसरं टोक बंद असेल तर ०.७८ पट. दोन आकड्यांचं नातंही सरळ आहे: दोन्हीकडून धरलेली तार म्हणजे पाठीला पाठ लावलेल्या दोन अर्ध्या तारा, लांबी निम्मी की ऊर्जा चौपट.

७ फेब्रुवारी

०.७८ हातानं काढला. गॅपच्या आत थीटाला नव्वद अंश अधिक एक शुद्ध काल्पनिक भाग असं लिहिलं की समीकरण वास्तव होतं, आणि कोसाइन शुद्ध काल्पनिक राहिल्यामुळे घनता आपोआप शून्य. अशी वास्तव उत्तरं दर ऊर्जेला दोन असतात. ऊर्जा वाढवली की ती एकमेकांजवळ सरकतात, एका ठिकाणी भेटतात, आणि त्याच्यापुढे वास्तव उत्तरच उरत नाही. ती भेटण्याची जागा म्हणजे मिनीगॅपची कड. पुढे थीटा संमिश्र होतो आणि घनता वर्गमुळासारखी झपकन वर येते. कडेशी सॉल्व्हर अडखळतो तो याचमुळे. तिथे ऊर्जेला अगदी लहान काल्पनिक भाग जोडून, वरच्या ऊर्जेकडून खाली येत, आधीचं उत्तर पुढच्याला अंदाज म्हणून देत जायचं. नीट चालतं.

११ फेब्रुवारी

मॅडमच्या दुसऱ्या अटीसाठी लिहिलेला उतारा, जसाच्या तसा:

"फर्मी पातळीपेक्षा थोड्या वरच्या ऊर्जेचा इलेक्ट्रॉन सीमेवरून होल होऊन परततो. हा होल फर्मी पातळीपेक्षा तितकाच खाली असतो. दोघे एकाच वाटेनं चालतात, पण त्यांच्या ऊर्जेत फरक असल्यानं फेज (तरंगाच्या चढउताराची अवस्था) हळूहळू वेगळी होत जाते. फरक जितका लहान, तितका वेळ ते एकमेकांशी सुसंगत राहतात. ज्यांची ऊर्जा इतकी कमी आहे की अख्खी तार भटकून होईपर्यंत सुसंगती मोडत नाही, ते इलेक्ट्रॉन साधे इलेक्ट्रॉन राहूच शकत नाहीत, सीमेवरची फेज त्यांना सतत बांधून ठेवते. त्या ऊर्जांना तारेत सुट्या इलेक्ट्रॉनाची अवस्था उरत नाही. नायोबियममधून कुठलीही वस्तू तांब्यात येऊन राहत नाही. तांब्याचेच इलेक्ट्रॉन सीमेवर एकमेकांशी जोडले जातात आणि आकर्षणाशिवाय, केवळ सुसंगतीच्या बळावर, ती जोडणी आतवर नेतात."

मॅडमनी वाचलं, "केवळ" खाली रेघ मारली आणि म्हणाल्या, "हे सिद्ध कर. सुसंगती मोडून दाखव, गॅप गेला पाहिजे." म्हणजे काम वाढलं, पण योग्य दिशेनं.

१८ फेब्रुवारी

मध्येच रोधाचं प्रकरण. साध्या तुकड्याला जोडलेल्या तारेचा रोध तापमान उतरवताना आधी कमी होतो, जवळपास १५ टक्क्यांपर्यंत, आणि मग पुन्हा वाढत शून्य केल्विनला थेट मूळ किमतीवर जातो. तळ थाउलेस ऊर्जेच्या पाचपटीच्या आसपास. फ्रान्सच्या ग्रनोबलमध्ये १९९६ च्या सुमारास हे मोजलं गेलं. कारण समीकरणातच आहे: शून्य ऊर्जेला थीटा वास्तव असतो, आणि वाहकतेतली वाढ केवळ थीटाच्या काल्पनिक भागावर अवलंबून असते. प्रोग्रॅमनं तोच तळ त्याच जागी दिला. पुढे.

२५ फेब्रुवारी

प्रयोगशाळेत हे पाहायचं तर किती थंड जावं लागेल? अहवालात हा भाग हवाच, नाहीतर ३१ मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट हा नुसता आकडा राहतो. साध्या धातूच्या टोकानं बोगदा-मोजमाप केलं तर उष्णतेमुळे प्रत्येक कड साडेतीन बोल्ट्झमन-तापमानांइतकी पसरते. १०० मिलिकेल्विनला ३० मायक्रो-इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे मिनीगॅप पूर्ण पुसला जाईल. ३० मिलिकेल्विनला ९, तेव्हा तो दिसेल. द्रव हीलियमच्या ४.२ केल्विनवर तर ही तार साध्या तांब्यासारखीच वागेल: लांबी आयामाच्या अंतराच्या पंधरापट, त्यामुळे अतिप्रवाह नगण्य. डायल्यूशन फ्रिजशिवाय (मिलिकेल्विनपर्यंत थंड करणाऱ्या यंत्राशिवाय) पर्याय नाही.

शून्याजवळच्या तापमानाला महत्तम अतिप्रवाहही थाउलेस ऊर्जेनंच ठरतो. प्रवाह गुणिले रोध गुणिले इलेक्ट्रॉनाचा प्रभार बरोबर त्या ऊर्जेच्या १०.८२ पट. आपल्या तारेचा रोध १ ओम असेल तर सुमारे ११० मायक्रोअँपिअर प्रवाह, तोही अशा धातूतून जो स्वतः अतिसंवाहक नाही.

४ मार्च

उलट्या बाजूची छोटी नोंद. तांबं शेजारी आलं की पातळ अतिसंवाहकाचं संक्रमण तापमान उतरतं. याचा जाणीवपूर्वक उपयोग होतो. हवाईच्या मौना केआवरच्या जेम्स क्लर्क मॅक्सवेल दुर्बिणीचा स्कूबा-२ कॅमेरा मॉलिब्डेनम आणि तांब्याच्या जोडथरांवर चालतो. एकटं मॉलिब्डेनम ०.९ केल्विनच्या आसपास अतिसंवाहक होतं, तांब्याच्या थराची जाडी बदलून ते तापमान हवं तितकं खाली आणता येतं, आणि संक्रमणाच्या तीव्र चढावर बसवलेला थर येणाऱ्या प्रकाशाची बारीकशी ऊबसुद्धा रोधात दाखवतो. असे दहा हजारांहून जास्त थर त्या कॅमेऱ्यात आहेत. प्रकल्पाबाहेरचं आहे, पण प्रस्तावनेत घालायचं ठरवलं. या भौतिकीनं दूरच्या धुळीत जन्मणारे तारे पाहता येतात, हे वाचणाऱ्याला कळलंच पाहिजे.

१२ मार्च

सुसंगती मोडायचा पहिला मार्ग: दोन टोकांच्या अतिसंवाहकांमध्ये फेजचा फरक आणायचा. प्रत्यक्षात तार अतिसंवाहक कड्यात बसवून कड्यातून चुंबकीय क्षेत्र सोडतात. प्रोग्रॅममध्ये समीकरणाला फेजची दुसरी जोड लागते. फरक वाढवत नेला तसा मिनीगॅप आकसत गेला आणि १८० अंशांना पूर्ण मिटला. तारेच्या मध्यावर तर घनता अगदी साध्या तांब्याची झाली. दोन्हीकडून येणाऱ्या फेज तिथे एकमेकींना तंतोतंत रद्द करतात.

साक्लेच्याच गटानं २००८ मध्ये चांदीच्या तारेवर बोगदा-सूक्ष्मदर्शीचं टोक फिरवत हे पाहिलं. मिनीगॅप क्षेत्राबरोबर मिटतो, पुन्हा उघडतो, आणि कुठल्याही एका फेजला त्याची रुंदी तारेभर सारखी असते. तार तीच, धातू तोच, तापमान तेच. अतिसंवाहकांच्या गॅपला हातही लागलेला नाही. बदलली ती फक्त फेज.

२१ मार्च

दुसरा मार्ग: चुंबकीय अशुद्धी. साधा धक्का इलेक्ट्रॉन आणि होल दोघांना सारखाच बसतो, म्हणून जोडणी टिकते. चुंबकीय अणू स्पिन उलटवतो आणि त्यांची जुळणी बिघडवतो. समीकरणात स्पिन उलटण्याच्या वेगाचं पद घातलं. वेग लहान असताना मिनीगॅप थोडा अरुंद होतो आणि कड बोथट होते. त्या वेगाची ऊर्जा थाउलेस ऊर्जेच्या काही पटींत गेली की मिनीगॅप बंद होतो, नुसता खळगा राहतो. म्हणजे स्पर्धा पुन्हा त्याच वेळेशी: इलेक्ट्रॉन तार ओलांडतो आधी, की स्पिन उलटतं आधी? म्हणून या प्रयोगांत धातूची शुद्धता इतकी जपतात. दशलक्षात काही मँगनीजचे अणू असले तरी सुसंगतीवर त्यांचा परिणाम मोजता येतो.

मॅडमना दोन्ही आलेख दाखवले. "केवळ" अहवालात राहणार.

२८ मार्च

शेवटचा प्रश्न मॅडमनीच काढला: तांब्याऐवजी लोहचुंबक ठेवला तर? तिथे वरच्या आणि खालच्या स्पिनच्या ऊर्जेत मुळातच मोठा फरक, त्यामुळे आयाम काही नॅनोमीटरमध्येच उतरतो. पण नुसता उतरत नाही, वाटेत चिन्ह बदलत डोलतो. जाडी नेमकी निवडली तर दोन टोकांमध्ये आपोआप १८० अंशांचा फरक येतो. रशियातल्या चेर्नोगोलोव्हकामध्ये २००१ साली नायोबियम आणि तांबं-निकेल मिश्रधातूच्या संधीत हे दिसलं. तापमान बदललं की संधी एका अवस्थेतून दुसरीत जाते, आणि मध्ये अतिप्रवाह शून्यातून जातो.

आपल्या प्रोग्रॅममध्ये फक्त ऊर्जेला प्रत्येक स्पिनसाठी वेगळी बेरीज-वजाबाकी करावी लागेल, बाकी सगळं तसंच चालतं. अहवाल एप्रिलमध्ये जाईल तो तांब्यापुरता. लोहचुंबकाचा भाग उन्हाळ्याच्या सुट्टीत, तांबं-निकेल मिश्रणापासून सुरुवात.